एक कोयता, दोन नोंदी

उजू,

तुझ्या शोकसभेत मी भांडलो. दुसऱ्या कुणाकडून तुला हे कळायच्या आधी मीच सांगितलं असतं, म्हणून आताही मीच सांगतो.

वसतिगृहाच्या पत्र्याच्या हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता. आधार कार्डावरचाच मोठा केलेला, ज्यात तू पकडलेल्या चोरासारखी दिसतेस असं तूच म्हणायचीस. संस्थेचे अध्यक्ष अकरा मिनिटं बोलले, त्यातली तुझ्यावर चार. उरलेल्या सात मिनिटांत त्यांनी जाहीर केलं की उज्ज्वलाताईंचं कार्य, म्हणजे इथल्या लेकरांची रोजची खबर आईबापांना फोनवर कळवण्याचं, आता संस्था हातात घेणार. ऑफिसात मोठं मशीन बसवून सगळी माहिती 'आपल्या घरात' आणणार. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांना वेगवेगळे फोन करत बसण्यापेक्षा टोळीच्या मुकादमाला एकच फोन करणार, तो पुढं सांगेल. आणि प्रत्येक फोनच्या आधी स्वतः अध्यक्षांच्या आवाजात वीस सेकंदांच्या शुभेच्छा असतील. ही व्यवस्था लागेपर्यंत रोज आधीसारखे सहाशे बारा फोन, शुभेच्छांसकट.

मी बसल्या जागी गुणाकार केला. सहाशे बारा गुणिले वीस, म्हणजे तीन तास चोवीस मिनिटं. दिवसभर फडात वाकलेल्या माणसांनी रोज मिळून तीन तास चोवीस मिनिटं ह्यांचा आवाज ऐकायचा आणि मग आपलं लेकरू जेवलं का ते विचारायचं. मी उठलो आणि म्हणालो, "हे होणार न्हाई."

"आण्णा, बसा," अध्यक्ष म्हणाले. "दुःखात माणूस काहीबाही बोलतो."

"दुःखात हाय मी. पण गुणाकार येतो मला."

मागं कुणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात विचारलं, "अहो, मशीन आपल्या इमारतीत असलं तर वाईट काय हाय? आपलं आपल्या डोळ्यासमोर."

"गेल्या महिन्यात ह्या इमारतीची लाईट एकशे एकोणीस तास गेलती. लिहून ठेवलंय मी. त्या एकशे एकोणीस तासांत कुणाच्या पोराला ताप आला तर काय, डोळ्यासमोरच्या मशीनला पंख्यानं वारा घालायचा?"

"मग तुमचं जे काय हाय ते आमच्या खोलीतून उचलून न्या."

"काय उचलू साहेब? एक टेबल हाय, एक खुर्ची. टेबल संस्थेचं हाय."

खुर्ची घेऊन मी घरी आलो. खरंच आणली, उजू. रस्त्यानं लोक बघत होते.

हे सगळं आठवताना मला सारखा तो दिवस समोर येतो, पुण्याची नोकरी घरी बसून करायची म्हणून तू गावी आलीस आणि पहिल्याच आठवड्यात वसतिगृहाच्या पायरीवर येऊन बसलीस. संध्याकाळची वेळ होती. वसतिगृहात फोन एकच. सातच्या सुमाराला फडावरून आईबापांचे फोन यायला लागायचे, वसतिगृह सांभाळणारी शेवंतामावशी अंगणातून पोरांना हाका मारायची, तोवर फोन कट व्हायचा. मी त्या संध्याकाळी खुणा करून मोजलं होतं. चौसष्ट फोन आले, तेवीस जणांचं बोलणं झालं. मी म्हणालो, अजून दोन फोन घ्यावे लागतील. तू म्हणालीस, "दादा, विचारणारे शंभर असले तरी सगळ्यांना हवी ती गोष्ट एकच हाय. फोन कशाला वाढवतोस? उत्तर वाढव."

मला कळलं नाही. मी बावीस वर्षं कारखान्याच्या शेतकी ऑफिसात टोळ्यांच्या नोंदी ठेवल्या. मला वही कळते, रकाना कळतो. तू मला बीडचा एसटी स्टँड समजावलास. गाडीचं वेळापत्रक एकच असतं. कुणी ते भिंतीवरच्या फळ्यावर वाचतं, कुणाला कर्ण्यातून ऐकू येतं, कुणी चौकशीच्या खिडकीत मान घालून विचारतं. वेळापत्रकाला स्वतःचा चेहरा नसतो. चेहरे सगळे बाहेर. वेळ बदलली तर ती एकाच ठिकाणी बदलायची, फळा, कर्णा आणि खिडकी तिथूनच घेणार. ह्या पद्धतीला तुमच्या धंद्यात हेडलेस म्हणतात, असंही सांगितलंस. तुझी वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अगं बाई, बिनमुंडक्याचं?"

मी म्हणालो, "आपल्या स्टँडवर फळा एक सांगतो आणि खिडकी दुसरंच."

"म्हणून तर मला हे बांधायचंय," तू म्हणालीस.

आणि बांधलंस. संस्थेच्या अकरा वसतिगृहांतल्या अकरा बायका दुपारी आपापल्या मोबाइलवर प्रत्येक लेकराच्या नावापुढं चार चौकोनांना बोट लावतात. शाळेत गेलं का, जेवलं का, तब्येत कशी, आणखी काही सांगायचं का. लेख नाही, पान नाही, फक्त चार तुकडे. ते मुंबईतल्या कुठल्याशा इमारतीतल्या साठ्यात जातात आणि त्याच वेळी त्यांची एक प्रत हैदराबादेत पडते. मग ज्या खिडकीला तू एपीआय म्हणायचीस, तिच्यातून ज्याला जसे हवे तसे ते तुकडे मिळतात. फोनवरचा आवाज ते वाचून दाखवतो, वसतिगृहातल्या पडद्यावर ते हिरव्या-लाल ठिपक्यांत दिसतात, तालुक्याच्या साहेबाला त्यांचा तक्ता मिळतो. साहेबाला तक्ता वेगळ्या रंगात हवा होता तेव्हा तू तो अर्ध्या तासात बदलून दिलास, आणि फोनच्या आवाजाला त्याचा पत्ताही लागला नाही. संध्याकाळी सात ते पावणेआठ काम वाढतं, तेवढ्यापुरती जास्त मशीनं आपोआप उभी राहतात, मग मिटतात.

मी विचारलं होतं, "ही मशीनं कुणाची?"

"कुणाची तरी. आपण जेवढी वापरू तेवढीच आपली."

"मग जे दिसत न्हाई त्याची मोजदाद मी कशी ठेवायची?"

तू वैतागली नाहीस. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फोनची नोंद मला दिसेल असं करून दिलंस. कधी लागला, कुणी उचलला, किती सेकंद ऐकला. म्हणालीस, "घे, हेडक्लार्क. आता बस मोजत." मी बसलो. खरं सांगतो, कारखान्यातल्या बावीस वर्षांत माझ्या मोजण्याचा कुणाला एवढा उपयोग झाला नव्हता.

आपण भांडलोही खूप. निरोप लवकर जावेत म्हणून तू एक जवळची प्रत ठेवायचीस, जी दहा-दहा मिनिटं जुनी असायची. मी म्हणालो, शाळेची हजेरी दहा मिनिटं शिळी चालेल, तब्येत एक सेकंदसुद्धा चालणार नाही. तू आधी मला अडाणी म्हणालीस, दोन दिवसांनी तसं करून दिलंस, आणि पुण्याच्या मैत्रिणीला सांगताना "आमच्या टीमनं ठरवलं" म्हणालीस. टीम म्हणजे मी. आणि एका संध्याकाळी ऐन फोनांच्या वेळी तू मला न सांगता मुंबईची बाजू मुद्दाम बंद केलीस, हैदराबाद सांभाळतं का ते बघायला. सहाशे बारापैकी एकही निरोप हरवला नाही. मला तर काही झाल्याचंही कळलं नाही. सकाळी तू नाचत सांगत आलीस आणि मी दिवसभर तुझ्याशी बोललो नाही. चुकलो. ते कौतुक करण्यासारखं काम होतं. त्या दिवशी करायचं राहिलं.

आता त्या कोयत्याकडं येतो.

बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं: टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस असेल तर अर्धा. मी बावीस वर्षं तसंच लिहिलं. तू साचा बनवायला बसलीस, म्हणजे कुठल्या गोष्टीची नोंद कशी ठेवायची ते ठरवायला, तेव्हा मला विचारलंस, "दादा, निरोप घेणारा कोण धरू?" मी एका क्षणात म्हणालो, "कोयता." तू तेवढ्याच वेगानं टाइप केलंस. एक कोयता, एक नोंद, एक फोन नंबर. नंबर अर्थात नवऱ्याचा. अर्ध्या कोयत्याला तर आपण रकानाच ठेवला नाही.

तुझा तो मोठा डोलारा, दोन शहरांत ठेवलेला, कितीही फोन आले तरी न वाकणारा, ह्या एका शब्दावर उभा राहिला. आणि तो शब्द माझा होता.

मागच्या हंगामात जानेवारीत कांता आली. निपाणीच्या पुढच्या फडावरून तीन गाड्या बदलून, कड्याच्या एसटी स्टँडवर उतरून तिथून चालत. तिची पूजा चौथीला. पोरीला टायफॉइड झाला होता, पाचव्या दिवशी आपणच तिला दवाखान्यात ठेवलं होतं. कांताला हे टोळीतल्या दुसऱ्या बाईच्या पोरीनं फोनवर सहज बोलता बोलता सांगितलं, नवव्या दिवशी रात्री.

ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली. पायात चिखल सुकलेला. "सर, माझ्या पोरीला ताप हाय ते मला कावून सांगितलं न्हाई?"

मी, उजू, कागद काढला. माझी सवय. "रोज सांगितलंय बाई. नऊ दिवस, नऊ फोन. नऊच्या नऊ उचललेत."

"कुणी उचलले?"

"तुमच्या कोयत्यानं."

नंतर कळलं, तिचा नवरा महिन्यापूर्वीच भांडून टोळी सोडून गेला होता, फोन घेऊन. नऊही वेळा त्यानं निरोप शेवटपर्यंत ऐकला. कुणालाच सांगितला नाही. माझ्या तक्त्यात त्या नऊ दिवसांचा आकडा होता शंभर टक्के.

कांताला वाचता येत नव्हतं. तरी तिनं तो कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, "ह्याच्यात मी कुठं हाय?"

तू दारात उभी होतीस. तू ते ऐकलंस. मी तुझ्याकडं बघितलं नाही.

पूजा बरी झाली. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण तुला पुन्हा पुन्हा तेच ऐकायचं असायचं. पण त्याच संध्याकाळी आपलं जे सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणालीस, "दादा, ही चूक पुण्याच्या पोरांनी केली नसती. त्यांनी विचारलं असतं, कोयता म्हणजे काय. आपल्याला माहीत होतं ना, म्हणून आपण विचारलंच न्हाई." तुला लगेच साचा बदलायचा होता. माणूस एक, नोंद एक. तू समजावलंस की चेहरे वेगळे आणि साठा वेगळा असल्यामुळंच हे चालू हंगामात करता येतं. नवा साचा जुन्याच्या शेजारी उभा करायचा, नोंदी तिकडं उतरवायच्या, आणि एकेक चेहरा इकडून तिकडं वळवायचा. आधी फोन, मग पडदा, मग साहेबाचा तक्ता.

मी नाही म्हणालो. सहाशे बारा कोयते फोडायचे, म्हणजे प्रत्येक बाईला गाठून तिचा नंबर विचारायचा. माणसं सहा जिल्ह्यांत आणि कर्नाटकात पांगलेली. एक आकडा चुकला तर एका लेकराची तब्येत भलत्याच घरात वाजणार. मी विचारलं, "किती चुका होतील ह्याचा अंदाज दे."

"आत्ता जी चूक चालूय ती धर की हिशेबात."

"हंगाम संपू दे."

"बरं," तू म्हणालीस.

तू जन्मात एवढ्या लवकर कधी बरं म्हणाली नव्हतीस. मी त्याची नोंद घ्यायला हवी होती.

पुढं एप्रिलमध्ये टोळ्या परत आल्या आणि तुझ्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. तेव्हा मला भरपूर वेळ होता. माणसं गावात होती. मी यादीला हात लावला नाही. नगरच्या दवाखान्यात सलाइन लावलेल्या हातानं तू विचारायचीस, "दादा, यादी?" मी म्हणायचो, "तू आधी बरी हो." एकदा तू चिडलीस. "माझं बरं होणं आणि यादी ह्यांचा संबंध काय?"

तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो. मला वाटत होतं, काम अडलंय तोवर तू जाणार नाहीस. आयुष्यात पहिल्यांदाच मी असा हिशेब धरला ज्याला काही आधार नव्हता.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी नाझियाचा फोन आला. तुझी पुण्यातली, कामातली जोडीदार, मूळची गेवराईची. आधी ती नुसतीच रडली. मग म्हणाली, "आण्णा, नवा साचा तयार हाय. फेब्रुवारीपासून तयार हाय. तुमची यादी आली की उतरवायचा, आणि तुमची मंजुरी."

"तिला माझी मंजुरी कशाला पाहिजे? सगळे पासवर्ड, सगळ्या किल्ल्या तिच्याकडं होत्या."

"नियम तुमचाच न्हाई का? साचा बदलायचा तर दोघांची मंजुरी."

"मोडता आला असता."

"दोन मिनिटांत. मी म्हटलं बी होतं तिला. ती म्हणाली, दादाला न विचारता केलं तर तो बोलंल काही न्हाई, पण मोजणं सोडून देईल."

मी लॅपटॉप उघडून बघितलं. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, प्रतीक्षेत. दोनशे सहा दिवस.

तुझा राग आला मला. अजून आहे. हैदराबादेत प्रत ठेवायला तू कुणाला विचारलं नव्हतंस, मुंबई बंद करायला विचारलं नव्हतंस. इथंच कशाला थांबलीस? माझा मान राखायला? सगळ्या साठ्याची दुसरी प्रत ठेवणारी तू, आणि जिथं खरी गरज होती तिथं एका हट्टी माणसावर सगळं टाकून बसलीस. तुझ्या कामातला हा एकच दोष मला सापडला आणि तो मी होतो.

त्याच दुपारी मी यादी सुरू केली. घरात सुतक, पाहुण्यांची ये-जा. आपल्या चुलत काकू म्हणाल्या, "सुतकात हे कसलं खुटखुट लावलंय?" तुझ्या वहिनीनं उत्तर दिलं, "तिचंच चाललंय. बसा, चहा घ्या." आणि ती स्वतः उठली. खरी यादी तिनंच केली. मी विचारलं की बायका नवऱ्याचा नंबर सांगायच्या. ती विचारायची, "तुझा, बाई, तुझा सांग." एक जण म्हणाली, "मला येगळा फोन कशाला वहिनी? मी काय कलेक्टर हाय?" वहिनी म्हणाली, "लेकरू तुझं हाय ना? मग झालीस कलेक्टर." ती बाई पदर तोंडाला लावून हसली आणि मग नंबर सांगितला. तो तिला पाठ होता.

आता आकडे ऐक. सहाशे बारा कोयत्यांच्या बाराशे चोवीस नोंदी झाल्या. आणि एकतीस अर्धे कोयते सापडले, ज्यांची लेकरं आपल्याकडं राहतात पण ज्यांना आजवर एकही निरोप गेला नव्हता, कारण साच्यात ते नव्हतेच. एकूण बाराशे पंचावन्न. त्यांत बायका सहाशे एकोणचाळीस. स्वतःचा फोन असलेल्या चारशे एक. दुसरीच्या फोनवर निरोप घेणाऱ्या एकशे एकोणऐंशी. काहीच नसलेल्या एकोणसाठ. कांता त्या एकोणसाठांत. त्यांच्यासाठी तू करून ठेवलेला नवा चेहराही नाझियानं दाखवला. कुणाच्याही फोनवरून लावायचं, आपला चार आकड्यांचा क्रमांक दाबायचा, आपल्या लेकराचं ऐकायचं. साठ्याला हात न लावता नुसती एक खिडकी वाढवलीस. हे मला कधी बोलली नाहीस.

अठराव्या दिवशी मी मंजुरी दिली. एक बटण होतं. नोंदी उतरायला सहा मिनिटं लागली. एकशे ऐंशी नोंदी मी हातानं ताडून बघितल्या, दोन चुकल्या होत्या, दोन्ही माझ्या टायपिंगच्या.

दुसऱ्या दिवशी यंत्रणेतलं तुझं खातं बंद केलं. तुझाच नियम, सोडून गेलेल्या माणसाचं खातं चोवीस तासांत बंद. मी अठरा दिवस उशीर केला आणि त्याबद्दल मी कुणाला स्पष्टीकरण देणार नाही. खातं बंद करताना कारण निवडावं लागतं. नोकरी सोडली, बदली, इतर. मी 'इतर' निवडलं.

दसरा झाल्यावर टोळ्या गेल्या. मी आता घरून काम करतो, वहिनीनं स्वयंपाकघराच्या खिडकीजवळचे डबे हलवून जागा करून दिली आहे. अध्यक्षांनी वसतिगृहातल्या बायकांना निरोप पाठवला की मोबाइलवर काही भरायचं नाही. शेवंतामावशीनं निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "लेकरांचं त्यांच्या आईला सांगायला मला कुणाची परवानगी लागत न्हाई. साहेबाला म्हणावं, तू बी लहानपणी आजारी पडला असशील." अकराच्या अकरा बायका भरतात.

लोक मला समजवायला येतात. आण्णा, वाकडं कशाला घेता, मुकादम काय परका आहे का, तो सांगेलच की. सांगेल, मला शंका नाही. पण कधी सांगेल? फड उरकल्यावर. बाई आजारी लेकराकडं निघाली की अर्धा कोयता कमी होतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? बावीस वर्षं मीच तो कमी झालेला अर्धा लिहून घेत होतो.

चोविसाव्या दिवशी सात वाजता पहिल्यांदा नव्या साच्यातून फोन गेले. अकराशे शहाण्णव. एकशे सत्तावीस उचललेच गेले नाहीत, त्यांची यादी वेगळी काढली आहे, रेंज नसलेले फड किती आणि चुकलेले नंबर किती ते तपासतो आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, पहिल्या दिवसाला चांगलंय. मी म्हणालो असतो, एकशे सत्तावीस म्हणजे चांगलं नाही. तेवढं भांडण आपल्यातलं राहिलं.

अध्यक्षांचं पत्रही त्याच दिवशी आलं. सोमवारपर्यंत सर्व किल्ल्या आणि माहिती संस्थेच्या स्वाधीन करावी, अन्यथा योग्य ती कारवाई. तू ह्या साठ्याचं खातं संस्थेच्या नावावर न काढता पालक समितीच्या नावावर काढलंस तेव्हा मी म्हणालो होतो, उगाच कागद वाढवतेस. ते शब्द मी मागं घेतो. किल्ल्या मुळात संस्थेच्या नाहीत. माझ्याही नाहीत. समितीतल्या सात जणांपैकी सहा आत्ता फडात आहेत, आणि ते परत येईपर्यंत त्या मी सांभाळणार. कारवाई करायची तर करू देत. मी बावन्न वर्षांचा आहे, गुन्हा दाखल होईल एवढं काही आयुष्यात केलं नव्हतं, तेही होऊन जाऊ दे.

सात बावन्नला एक आलेला फोन नोंदला गेला. निपाणीकडचा नंबर, दुसऱ्याच कुणाच्या नावावरचा. चार आकडे दाबले गेले. समोर नाव आलं, कांता. नवऱ्याचं नाव नाही, कोयता क्रमांक नाही. निरोप होता, पूजा शाळेत गेली, सकाळी-दुपारी जेवली, तब्येत चांगली, कविता म्हणून दाखवली. बत्तीस सेकंद. तिनं पूर्ण ऐकला आणि ठेवला. मग सात त्रेपन्नला पुन्हा लावला. सात चौपन्नला पुन्हा. सात छप्पन्नला चौथ्यांदा. चारही वेळा शेवटपर्यंत.

माझा एक जुना नियम आहे, पाच मिनिटांच्या आत तोच फोन पुन्हा आला तर तो एकच धरायचा, आकडे फुगू नयेत म्हणून. यंत्रानं तो पाळला आणि तीन नोंदी खोडल्या. त्या मी परत आणल्या आणि नियम काढून टाकला.

सोमवारी मी संस्थेच्या ऑफिसात जाणार आहे. किल्ल्या नेणार नाही. त्या चार नोंदींचा कागद नेणार आहे. तो अध्यक्षांपुढं ठेवून विचारणार आहे, ह्यातला कुठला फोन मुकादमाला करायचा ते दाखवा.